उलट्या ऋतूंचे काका

जगात कुठलीही गोष्ट आपोआप घडते, यावर माझ्या मावशीच्या यजमानांचा काडीचाही विश्वास नव्हता. वारा सुटला की कुणीतरी पोतं उघडलेलं असायचं, जमीन हादरली की कुणीतरी त्रिशूळ आपटलेला असायचा, आणि हे कुणीतरी कायम ग्रीक असायचं. नव्वदच्या दशकात मी शिकायला पृथ्वीच्या पार खालच्या टोकाला, ऑकलंडजवळच्या हॅमिल्टनला गेलो आणि मावशीकडे राहिलो. पुण्यात आमच्या घरी खाटेखाली पत्रकांचे गठ्ठे असत. अंधश्रद्धेविरुद्धची पत्रकं चौकात वाटतच मी मोठा झालो. नवस, सोवळं, राहुकाळ, सगळ्यांशी लढायच्या तयारीत मी उतरलो होतो. पण काका मावशीच्या देव्हाऱ्याकडे ढुंकूनही पाहत नसत. आणि झ्यूसविरुद्ध आमच्याकडे एकही पत्रक नव्हतं.

पेशाने काका भूलतज्ज्ञ. टेबलावरच्या रुग्णाला धीर द्यावा म्हणून ते सांगत, "घाबरू नका, आता निद्रेचा देव येईल. फार गोड माणूस. मृत्यूचा सख्खा जुळा भाऊ." हे ऐकून एक धिप्पाड गवळी मागून उघडा गाउन सावरत थेट कार पार्कपर्यंत गेला होता. घरात कोळिष्टकं काढायला बंदी होती, कारण कोळी म्हणजे देवीशी पैज लावून शाप घेतलेली विणकरीण. "अहो, शाप तिला, मग भोग माझ्या पडद्यांना का?" मावशी हातात झाडू घेऊन विचारी. काका म्हणत, "कलावंतांच्या घराला हात लावू नये."

पण त्यांचा खरा जीव ऋतूंच्या कथेत. डिमीटर ही पिकांची देवी. पाताळाच्या राजाने तिची लेक पळवली आणि लेक तिथे डाळिंबाचे दाणे खाऊन बसली. पाताळातलं अन्न पोटात गेलं की तिथे परत जावंच लागतं. म्हणून वर्षातले काही महिने लेक पाताळात, आई दुःखात आणि जगात हिवाळा. मी एका संध्याकाळी संत्रं आणि टेबललॅम्प घेऊन काकांना पृथ्वीचा कललेला आस समजावला. "आणि काका, ग्रीसमध्ये हिवाळा तेव्हा आपल्याकडे उन्हाळा. त्याचं काय?" काका संत्रं सोलून खायला लागले, आणि एकदम त्यांचा चेहरा उजळला.

"अरे, सोपं आहे! ग्रीसच्या खाली कोण? आपण! लेक तिकडून निघते ती इथेच येते. म्हणून तर इथे ऊन पडतं."

"म्हणजे हे पाताळ?" मावशी स्वयंपाकघरातून कडाडली. "आणि मी कोण, मेलेली?"

"रविवारी संध्याकाळी जरा रस्त्यावर जाऊन उभी राहा, चिटपाखरू दिसतं का बघ, म्हणजे कळेल."

अशातच त्यांच्या एकुलत्या एक मुलीने, अनुजाने, फिजिओथेरपीचं शिक्षण संपताच ओ.ई.ला जायचं ठरवलं. ओ.ई. ही तिथल्या पोरांची रीतच. शिकून झालं की पाठीला पिशवी लावायची, लंडन गाठायचं, मिळेल ते काम करत दोनेक वर्षं जग बघायचं. बरेच जण परत येतात. काही तिकडचेच होतात. काका चार दिवस कुठल्याच देवाबद्दल बोलले नाहीत. मग जेवताना भाताकडे बघत म्हणाले, "आईला सोडून मुलगी गेली की पिकं करपतात हं."

अनुजाला मराठी सगळं कळे, उत्तर मात्र इंग्रजीतच येई. "बट बाबा, युवर थिअरी! धिस इज द अंडरवर्ल्ड. आय'म जस्ट गोइंग अप. स्वीट अ‍ॅज!"

तिथल्या पोरांचं हे 'झकास' ऐकून मी ताटावर मान खाली घालून हसलो. काका स्वतःच्याच सिद्धांतात पुरते अडकले होते. पण दुसऱ्या दिवशी सुटकेची वाटही त्यांना त्यातच सापडली. पाताळातलं डाळिंब! ते खाऊन गेली की परत यावंच लागेल. आता भर फेब्रुवारीत हॅमिल्टनमध्ये डाळिंब कुठून आणणार? कोपऱ्यावरच्या डेअरीवाल्याने, म्हणजे तिथल्या वाण्याने, सगळं ऐकून घेऊन किवीफळ पुढे केलं. शेवटी काका ऑकलंडपर्यंत गाडी हाकत गेले आणि एका वाणसामानाच्या दुकानातून वाळके अनारदाणे घेऊन आले.

निघायच्या दिवशी मावशीने लेकीच्या हातावर दही घातलं. काकांनी घाईघाईने त्यावर अनारदाणे टाकले.

"काका, ही अंधश्रद्धा आहे," मी म्हणालो.

"असू दे. तू तुझं संत्रं फिरव."

अनुजाने ते तोंडात टाकलं आणि डोळे घट्ट मिटले. "बाबा! सो सावर!" मग बापाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि हात पुन्हा पुढे केला.

विमानतळावरून परतलो तेव्हा लख्ख ऊन पडलं होतं. आकाशात ढगाचा ठिपका नाही. काका अंगणात जाऊन बराच वेळ वर बघत उभे राहिले. "एवढी मुलगी गेली," ते म्हणाले, "आणि हवेला पत्ताच नाही." इतके महिने चाललेला वाद मी त्या क्षणी जिंकला होता. काका आत गेले, स्वेटर चढवून, गळ्याला मफलर गुंडाळून बाहेर आले आणि खुर्चीत बसले. मावशीने आलं घातलेला चहा आणून त्यांच्या हातात दिला आणि स्वतः शाल पांघरून शेजारी बसली. तेवढ्यात शेजारी पोहायचे टॉग्ज आणि रबरी जँडल्स घालून, टॉवेल खांद्यावर टाकून समुद्रावर निघाला होता, तो कुंपणाशी थबकला. या दोघांकडे बघत त्याने विचारलं, सगळं ठीक आहे ना? काकांनी मफलर आणखी घट्ट केला. मीच पुढे झालो आणि त्याला सांगितलं, "हो. आमच्याकडे आज जरा गारठा आहे."