तेवीस मुलं

पुठ्ठ्याची खोकी बनवणारा माणूस वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी विद्यापीठात जाऊन बाकावर बसला, की लोक दोनच गोष्टी धरून चालतात. एक तर धंदा बसला असेल, नाहीतर डोकं फिरलं असेल. आमच्या पुठ्ठेवाल्यांचं दोन्ही ठीक होतं. कारखान्यात दोन पाळ्या चालू होत्या आणि चाळीस माणसं कामावर होती. मेहुण्याने मात्र टोमणा मारलाच, "करून करून भागले आणि देवपूजेला लागले." बायकोने फक्त डबा किती वाजता लागेल तेवढं विचारलं.

एम.ए. त्यांनी चोविसाव्या वर्षी अर्धवट सोडलं होतं. सोडून विद्यापीठाच्या फाटकासमोर टायपिंगचं दुकान टाकलं. टायपिंगला बाइंडिंग जोडलं, मग ते दुकान बंद करून छपाईत शिरले, आणि छपाईला लागणाऱ्या पुठ्ठ्यांवरून शेवटी खोक्यांवर येऊन स्थिरावले. उद्योजकांच्या मेळाव्यात ते ही कहाणी फार रंगवून सांगायचे. "चालता धंदा सोडायला छाती लागते," असं म्हणून क्षणभर थांबायचे, म्हणजे टाळ्यांना जागा मिळते. घरोघरी कॉम्प्युटर येणार हे यांनी आधीच ओळखलं, असं लोकांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. यांनीही ते कधी खोडलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

त्या मुठीत काय होतं ते आता सांगायलाच हवं. प्रबंध द्यायच्या आदल्या दिवशी मुलं धावतपळत दुकानात यायची. हातातल्या कागदांत प्रस्तावना असायची, आभार असायचे, आणि मधले तक्ते कोरे. पाहणी करायची राहून गेलेली. "दादा, एवढं तुम्हीच भरून द्या ना." पहिल्याला त्यांनी हाकलून दिलं. दुसऱ्याची दया आली. तिसऱ्यापासून सवय लागली आणि पुढे तर दुकानाचं नावच त्याच्यासाठी झालं. त्यात त्यांचा हात चांगला बसला होता. शेवटी शून्य किंवा पाच येईल असा आकडा ते कधी घालत नसत, कारण गोल आकडा बनावट दिसतो. तीन आणि सात त्यांना आवडायचे. बेरजा जुळवायचे, टक्केवारी काढायचे, आणि काळ्या कापडी पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरं उठवून मुलाच्या हातात द्यायचे.

मग एके दिवशी एक परीक्षक दुकानात आले आणि एक प्रबंध पुढे करून म्हणाले, "हा इथेच टाइप झाला ना?" त्यांना फक्त तसंच बाइंडिंग करून हवं होतं. पण तेवढ्यानेच आमच्या माणसाची पाचावर धारण बसली. महिन्याच्या आत दुकानाला कुलूप लागलं. मेळाव्यात जिला टाळ्या पडायच्या ती छाती एवढीच.

विद्यापीठात त्यांच्या बाकावर एक बावीस वर्षांची मुलगी बसायची. सकाळी औषधांच्या दुकानात काम करून ती वर्गाला यायची आणि पहिली पाच मिनिटं नुसती धापा टाकायची. वर्गाने तिचं नाव 'घाई' ठेवलं होतं आणि यांचं 'पुठ्ठेवाले काका'. दोघांचं छान जमलं. ती त्यांना फोनवर नोट्स कशा काढायच्या ते शिकवायची, ते तिला डब्यातली भाजी द्यायचे. तिच्या प्रबंधाचा विषय होता रुळांपलीकडच्या वस्तीतल्या, घरकाम करणाऱ्या बायकांची मुलं आणि त्यांची शाळा. चार महिने ती दारोदार फिरली होती. एकेका घरी तीनतीनदा गेली होती, कारण बायका कामावर असायच्या. एकशे चौऱ्याण्णव मुलांची नोंद तिच्या वहीत होती, आणि त्यातल्या अठ्ठावन्न मुलांची शाळा सुटली होती.

एक दिवस ती ग्रंथालयातून एक जाड प्रबंध घेऊन आली. "काका, हे बघा. एकवीस वर्षांपूर्वी कोणीतरी याच वस्तीत हेच काम करून ठेवलंय. आता मला तेव्हाची आणि आजची तुलना करता येईल."

काळं कापड, सोनेरी अक्षरं. पुठ्ठेवाल्यांनी आधी कापड ओळखलं. तक्ता क्रमांक चार उघडला आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या. एकूण मुलं एकशे सत्त्याऐंशी. शाळा सोडलेली, तेवीस. ज्याचा तो प्रबंध होता तो विद्यार्थीही आठवला. स्टुलावर बसून शेंगदाणे खात होता आणि अधूनमधून "झालं का दादा?" विचारत होता.

"छान आहे," ते म्हणाले. याहून वाईट शब्द त्यांना त्या वेळी शोधून सापडला नसता.

पुढे मार्गदर्शक बाईंनी वर्गात तो तक्ता फळ्यावर लिहिला. म्हणाल्या, "आकडे कसे ओबडधोबड आहेत बघा. खऱ्या पाहणीचे आकडे असेच असतात." सगळ्यांनी माना डोलावल्या. पुठ्ठेवाले चष्मा पुसत बसले. चष्मा स्वच्छ होता.

घाईने निष्कर्ष काढला की वस्तीतली गळती अडीच पटीने वाढली आहे. का वाढली याची कारणंही तिने शोधली आणि त्यावर तीस पानं लिहिली. बाईंना ते इतकं आवडलं की शनिवारी विभागापुढे वाचून झाल्यावर ते नियतकालिकाकडे पाठवायचं ठरलं. म्हणजे गोष्ट अगदी सरळ होती. पुठ्ठेवाले बोलले तर पोरीचं अर्धं काम पाण्यात आणि यांची अब्रू चव्हाट्यावर. नाही बोलले तर यांचं खोटं तिच्या नावाने छापून येणार. मधला रस्ता नव्हता. तरी माणूस शोधतोच.

"तो जुना प्रबंध काढून टाक," ते एकदा म्हणाले. "तुझं स्वतःचं काम पुरेसं आहे."

"का?"

"फार जुना आहे."

"जुना आहे म्हणून तर घेतलाय काका," ती हसत म्हणाली. खरं तर शाळेतल्या पोरालाही सुचली नसती इतकी ती पळवाट भिकार होती.

मग त्यांनी प्रबंध ग्रंथालयातून स्वतःच्या नावावर घेतला आणि कारखान्यात नेला. तिथे जुना पुठ्ठा लगद्यासाठी जातो. एक प्रबंध त्या ढिगात गेला असता तर कोणाला कळलं नसतं. ढिगाजवळ ते उभेही राहिले. मशीनवरच्या माणसाने विचारलं, "साहेब, हे टाकायचंय का?" साहेबांना घाम फुटला. आपण आता नक्की काय करायला निघालो होतो ते त्या साध्या प्रश्नाने त्यांना लख्ख दिसलं आणि स्वतःची किळस आली. जनाची नाही तर मनाची तरी, असं आपण म्हणतो ना, ती मनाची त्यांना त्या ढिगापाशी वाटली. "नाही, हे विद्यापीठाचं आहे," एवढं बोलून ते गाडीत जाऊन बसले.

शुक्रवारी दुपारी वर्ग सुटल्यावर त्यांनी तिला थांबवलं. पंखा बंद झाला होता, बाकं रिकामी होती. प्रबंध दोघांच्या मध्ये ठेवला. घरून निघताना त्यांनी बोलायचं सगळं नीट जुळवून ठेवलं होतं, आधी वय, मग परिस्थिती, मग तेव्हाची समज. त्यातलं एक अक्षर आठवेना.

"हा तक्ता मी बनवलाय," ते म्हणाले.

"टाइप केलाय? अय्या, म्हणजे तुमचं टायपिंगचं दुकान होतं?"

"टाइप नाही गं. बनवलाय. मनाने. वस्तीत कोणी गेलंच नव्हतं. तो मुलगा माझ्यासमोर बसून खात होता आणि मी आकडे घालत होतो. असे किती प्रबंध ग्रंथालयाच्या कपाटांत आहेत, मला आता मोजताही येणार नाहीत."

ती हसायची थांबली. त्यांना वाटलं, आता रडेल किंवा ओरडेल. दोन्हींसाठी त्यांची तयारी होती.

"तेवीस कुठून आणले?" तिने शांतपणे विचारलं.

"कुठूनच नाही. पंचवीस लिहिले असते तर बनावट वाटले असते. म्हणून तेवीस."

तिने प्रबंध स्वतःकडे ओढला, तक्त्याचं पान उघडलं आणि त्यावर हात ठेवून बसली. त्यांनी घाईघाईने बोलायला सुरुवात केली. बाईंना मी स्वतः आत्ता जाऊन सांगतो, लिहून देतो, तुझा यात काही दोष नाही, लागेल तेवढी मुदत मागून घेऊ. ती ऐकत होती की नाही कळत नव्हतं.

"मी त्याच वस्तीतली आहे, काका," ती म्हणाली. "तुम्हाला सांगितलं नव्हतं. वर्गात कोणालाच नाही सांगितलं. प्रबंध मिळाला तेव्हा आईला विचारलं, तेव्हा कोणी माहिती घ्यायला आलं होतं का गं? ती म्हणाली, आलं असेल, मी कामावर असेन. आपण घरी नव्हतो याचंच तिला वाईट वाटलं."

पुठ्ठेवाल्यांनी मान खाली घातली.

"माझ्या दादाची शाळा त्याच वर्षी सुटली. बारा वर्षांचा होता. गॅरेजमध्ये लागला. आता तेहेतीसचा आहे आणि माझी फी तोच भरतो. शेजाऱ्यांनी कोणीतरी त्याचं नाव सांगितलंच असणार, असं आम्ही धरलं होतं. हे पान मी त्याला वाचून दाखवलं. म्हटलं, दादा, या तेवीसमध्ये एक तू आहेस. तो हात धुवायला गेला. जेवायला बसल्यावर म्हणाला, म्हणजे कोणीतरी लिहून ठेवलं होतं तर."

पुठ्ठेवाले उठले. पुन्हा बसले. "मी त्याला भेटतो," ते कसंबसं म्हणाले. "मी स्वतः सांगतो त्याला."

"नको," ती म्हणाली आणि प्रबंध मिटून त्यांच्याकडे सरकवला. "बाईंना सांगा. दादाला नका सांगू."