दहापैकी दहा

बी.ए. झाल्यावर मला मिळालेलं पहिलं काम सर्वेक्षणाचं होतं. देशातले लोक किती सुखी आहेत, हे घरोघर विचारायचं आणि टॅबवर भरायचं. वैजापूर तालुक्यातल्या शाळेत शिकून, शहरात सरकारी वसतिगृहात राहून मी आमच्या घरातली पहिली पदवीधर झाले होते. शिष्यवृत्तीवर शिकलेल्या माणसाला सरकारच्या छापील प्रश्नाबद्दल आदर असतो. मला तो नको इतका होता.

मला दिलेलं गाव कारखान्यांच्या वसाहतीला लागून होतं. बोअरचं पाणी पिवळट यायचं आणि बादलीत थोडा वेळ ठेवलं की वर तवंग धरायचा. पिण्याचं पाणी बायका एका कंपनीच्या गेटबाहेरच्या नळावरून आणायच्या, तेही वॉचमनची मर्जी असेल तर. फॉर्ममध्ये पाण्याचा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता, एकूण आयुष्याबद्दल तुम्ही किती समाधानी आहात, शून्य ते दहामध्ये सांगा. कुठल्या गावाला आधी सोयी द्यायच्या, ते या उत्तरांवरून ठरेल, असं आम्हाला प्रशिक्षणात सांगितलं होतं.

पहिल्या घरातली मावशी साठीची होती. खाजेनं तिच्या हातांची कातडी फाटली होती. त्याच हातांनी तिनं मला चहा दिला, वसतिगृहात पोटभर मिळायचं का ते विचारलं, आणि प्रश्न ऐकून लगेच म्हणाली, दहा. पुढच्या घरी दहा. त्याच्या पुढच्या घरीही दहा. किती सोशिक माणसं, असं मला वाटलं. कौतुक वाटलं. हे लिहिताना लाज वाटते.

संध्याकाळी निघताना मावशीनं विचारलं, "मग, झालीस का पास?"

मला काही कळेना.

"अगं, समद्या गल्लीत सांगून ठेवलं, गरिबाची पोरगी हाय, कमी मार्क देऊ नका. शेजारची सून आठच देत हुती. तिला म्हणलं, तुझ्या बापाचं काय जातंय?"

मी तिला समजावलं की गुण माझे नव्हते, त्यांच्या जगण्याचे होते. तिचं हसू गेलं.

"आमचे व्हय? मग शून्य टाक की. ह्या पाण्यात दहा कशाचे?"

शून्य टाकता आलं नाही. एकदा पाठवलेला फॉर्म पुन्हा उघडत नाही. दुसऱ्या दिवशी सर्वेक्षणाच्या साहेबांना सगळं सांगितलं. उत्तरं बदलणं म्हणजे आकड्यांशी खेळणं, ते म्हणाले. गाव समाधानी निघालं, ही तर चांगली बातमी आहे. फाटलेल्या हातांबद्दल त्यांनी एक शब्द विचारला नाही. ज्या बायकांना आयुष्यात कुणी कधी मत विचारलं नव्हतं, त्यांनी पहिल्यांदा हाती आलेले गुण परक्याच्या लेकीला देऊन टाकले होते. ते आता देशाचं सुख म्हणून वर जाणार होते. आणि ते गोळा करून मी आणले होते.

रविवारी मी परत गेले. कोऱ्या कागदावर पाण्याची तक्रार लिहिली, मोठ्यानं वाचून दाखवली. मावशीनं अंगठ्याला शाई लावली आणि थांबली.

"ह्यानं तुझ्या कामावर काय येणार नाय ना?"

मी नाही म्हणाले. ते खोटं होतं. मग तिनं अंगठा टेकवला.

तहसील कचेरीत अर्ज द्यायला गेले तेव्हा कारकुनानं संगणकात गावाचं नाव टाकून पाहिलं. इथले लोक तर समाधानी दिसतात, म्हणाला, आणि अर्ज माझ्याकडे सरकवला. मी तो परत त्याच्यापुढे ठेवला. ते समाधान मीच भरलंय, मी म्हणाले, आणि पोच घेतल्याशिवाय इथून उठणार नाही. सरकारी टेबलासमोर माझा आवाज पहिल्यांदाच इतका चढला. मागच्या रांगेतली माणसं वाकून पाहू लागली. त्यानं इकडेतिकडे पाहिलं, शिक्का शोधला आणि अर्जाच्या प्रतीवर मारला.