लटारीआजाचा राहिलेला निकाल

अशफाकभाईचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या व्हरांड्यात उभी होते. "ताई, प्रशिक गेला," एवढंच तो बोलला. मी विचारलं, "गेला म्हणजे कुठी गेला?" खरंच विचारलं मी. दोन दिवसांपूर्वी त्याला नागपूरला हलवलं होतं, तिथून आणखी कुठे नेलं असेल असंच डोक्यात आलं. पलीकडून नुसतं रडणं ऐकू आलं... मग कळलं. वर्गात जाऊन मुलांना सोडून दिलं आणि रिकाम्या बाकांसमोर बसून राहिले. पहिला विचार काय आला सांगू? लोकांना काय म्हणायचं ते म्हणोत. मनात आलं, आता लटारीआजाचं काय करायचं?

लटारीआजा नावाचा माणूस कधी जन्मालाच आला नव्हता. तो प्रशिकने खेळासाठी रचलेला म्हातारा. प्रशिक इथल्या ग्रामीण रुग्णालयात लॅब टेक्निशियन. नागपूरला हॉस्टेलवर असताना हा खेळ शिकून आला आणि आम्हाला त्याचं वेड लावून बसला. टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ, पडदा नाही की मोबाइल नाही. एक जण गोष्ट सांगतो, ते काम माझ्याकडे. बाकीचे आपापलं पात्र होऊन काय करणार ते बोलतात, जमलं की फसलं ते फासे ठरवतात, आणि भांडण झालं की जाडजूड इंग्रजी नियमपुस्तक उघडतं. भांडण दर रविवारी व्हायचं. आमच्या मूल गावात अशफाकभाईचं गादीचं दुकान आहे, त्याच्या माडीवर आम्ही बसायचो. कापसाची धूळ नाकात जायची, खाली पिंजण्याचं यंत्र बंद असायचं, आणि वर आम्ही तिघं पोक्त माणसं राक्षसांशी लढत असायचो. अशफाकभाईची बायको म्हणायची, "बुढ़ापे में बचपना!" बाईंचं चुकत नव्हतं.

आता प्रशिकबद्दल एक गोष्ट आधीच सांगून टाकते. त्याला सिकलसेल होता. आमच्या भागात हा आजार घराघरात माहीत आहे, कोणाच्या ना कोणाच्या नात्यात असतोच. रक्ताच्या पेशी वाकड्या होतात, बारीक नसांमध्ये अडकतात आणि मग हाडं दुखायला लागतात. "हाडात कोणी कुदळ मारून राह्यलं असं वाटते, ताई," असं तो सांगायचा, आणि तेही इतक्या साध्या आवाजात की ऐकणाऱ्यालाच लाज वाटावी. लोकांचं रक्त तपासून त्यांना त्यांचा आजार सांगायचं काम तो रोज करायचा. पोरांच्या आयांना समजावून सांगायचा, पाणी पाजा, थंडीत फिरू देऊ नका. खेळात मात्र तो दर वेळी म्हाताराच व्हायचा. अशफाकभाईने एकदा चिडवलं, "काऊन बे, तुले जवान माणूस खेळता येत नाई का?" प्रशिक हसून म्हणाला, "भाऊ, म्हातारा व्हाचं असन तं मले इथीच व्हा लागन." त्यानंतर त्या विषयावर कोणी चिडवलं नाही.

तर हा लटारीआजा. ऐंशीच्या पुढचा, कमरेत वाकलेला, जिभेचा तिखट. आधी वैदूची विद्या शिकलेला, मग म्हातारपणी जादूगाराच्या मागे लागून त्याचीही थोडी विद्या उचललेली. आणि इथेच त्या पुस्तकाने आमचं डोकं खाल्लं. खेळात मंत्र टाकायला ताकद लागते, मोठ्या मंत्राला मोठी. त्या ताकदीला आम्ही पोहरा म्हणायचो. दोन विद्या शिकलेल्या माणसाचे पोहरे दोन्ही विद्यांची बेरीज करून मोजतात, म्हणजे त्याच्याकडे मोठा पोहरा लवकर येतो. पण मोठा मंत्र येतो का? एका पानावर लिहिलंय, ज्या मापाचा पोहरा तुझ्याकडे आहे त्या मापापर्यंतचा मंत्र शिक. दुसऱ्या पानावर लिहिलंय, दोन विद्या असतील तर प्रत्येक विद्या एकटी धरून बघ, तिच्यात जेवढं येतं तेवढंच येतं. आता करा काय करता! पहिलं पान धरलं तर आजाला मोठा मंत्र येतो, दुसरं धरलं तर नाही. लिहिणाऱ्याला हे भांडण दिसलं नसेल का? मला तर वाटतं त्याने मुद्दाम ठेवलं असावं, लोकांचे रविवार जावेत म्हणून.

प्रशिकचं मत पक्कं होतं. "ताई, आडातच नाई तं पोहऱ्यात कुठून येईन?" असं म्हणून तो दुसऱ्या पानावर बोट ठेवायचा. हेच बोट ठेवून त्याने अशफाकभाईचा खेळातला शाहीर मारला. शाहिरानेही जादूगाराची विद्या अर्धीमुर्धी घेतलेली. तो कड्यावरून पडला, मोठा पोहरा हाताशी होता, आणि अशफाकभाई ओरडत होता, "उडायचा मंत्र टाकतो!" प्रशिकने पुस्तक काढलं. मी दोन्हीकडचं ऐकलं आणि शाहीर खाली गेला. पुढचे किती तरी रविवार आम्हाला त्या माडीवर चहा मिळाला नाही. त्या भांडणातून प्रशिकनेच एक रिवाज पाडला. नियम अडला की ज्याचं पात्र अडकलंय त्याने आधी स्वतःच्या विरुद्ध बोलायचं, जीव ओतून बोलायचं. ते झालं की मग आपल्या बाजूने. दोन्ही ऐकल्याशिवाय मी निकाल द्यायचा नाही. "नाई तं काय होते माहीत आहे का," तो म्हणायचा, "आपला तो बाब्या अन् दुसऱ्याचं ते कार्टं." माझ्या कॉलेजातल्या मिटिंगांना हा रिवाज लावला तर निम्मे लोक मुके होतील.

या हिवाळ्यात त्याचं दुखणं वाढलं. महिन्यातून दोनदा-तीनदा झटका यायला लागला. त्याची बायको पौर्णिमा रात्र रात्र गरम पाण्याच्या पिशव्या बदलायची. एकदा असा झटका आल्यावर भरती केलं तर नव्याने आलेल्या कुणा डॉक्टराने पौर्णिमाला बाजूला घेऊन विचारलं, याला इंजेक्शनची सवय लागलीय का? जो माणूस त्याच दुखण्याचं रक्त रोज तपासतो, त्याच्या बायकोला हे विचारलं! तिने हे मला सांगितलं तेव्हा ती रडली नाही, नुसती भिंतीकडे बघत होती. मी मात्र त्या डॉक्टराला मनातल्या मनात जे काही म्हटलं ते इथे छापता येणार नाही.

शेवटच्या रविवारी तो आला तो स्वेटर, मफलर, कानटोपी घालून. जिना चढताना तीनदा थांबला. आम्ही त्याच्याकडे बघितलं नाही, कारण बघितलेलं त्याला आवडायचं नाही. खेळात त्या दिवशी आजाला शाप लागला. हाडं आतून विझत जायचा शाप. कोणत्या अवदसेने मला ते सुचवलं कोण जाणे, गोष्टीत ते आधीपासून ठरलेलं होतं. आजाच्या हातात शेवटची एक खेळी उरली आणि एकच मोठा पोहरा भरलेला. शाप उतरवणारा मंत्र त्या पोहऱ्याच्या मापाचा. पहिलं पान म्हणतं येतो, दुसरं म्हणतं येत नाही...

"देऊन टाका ना ताई," अशफाकभाई हळूच म्हणाला. "मायी काई हरकत नाई. शाहीर गेला तं गेला."

प्रशिकने पुस्तक पुढे ओढलं आणि रिवाजाप्रमाणे स्वतःच्या विरुद्ध बोलायला लागला. काय बोलला तो! दोन्ही पानं वाचून दाखवली, शाहिराचा निकाल काढला, आज आजाला सूट दिली तर शाहिराला उगाच मारलं असं होईल म्हणाला. बोलताना मध्ये मध्ये श्वास घेत होता. संपल्यावर मी म्हटलं, "झालं? आता तुझी बाजू मांड."

"मायी बाजू नाई," तो म्हणाला.

"असं चालत नाही. रिवाज तूच पाडलास. मांड बाजू."

"काय मांडू, ताई? आजाले येत नाई तो मंत्र."

मी चिडले. "खेळ आहे रे हा, कोर्ट नाही! वाचला म्हातारा तर कोणाचं काय जातं?"

त्याने माझ्याकडे बघितलं. "खेळात तरी मले पेशंट करू नका," तो म्हणाला.

दुसरी बाजू ऐकलेली नाही, म्हणून निकाल राखून ठेवते, असं म्हणून मी पुस्तक मिटलं. पुढच्या रविवारी बाजू मांड, असं सांगितलं. "पाहू," म्हणाला. गुरुवारी दुखणं त्याच्या छातीत उतरलं. इथून गडचिरोली, गडचिरोलीहून नागपूर. ते सगळं मला लिहायचं नाही. पौर्णिमा सोबत होती. तो शेवटपर्यंत शुद्धीत होता आणि शेवटपर्यंत त्याला दुखत होतं, एवढंच तिने सांगितलं, आणि एवढंही मला झेपलं नाही.

पुण्यानुमोदनाच्या शोकसभेला पांढऱ्या कपड्यांतली माणसं मांडवात बसली होती. त्याचे एक मामा कोणाला तरी सांगत होते, "जादूटोण्याचा खेळ खेळे म्हणे. बौद्धाच्या घरी शोभते का हे?" मी उठणारच होते, तोंडावर सुनावणार होते, पण पौर्णिमाने माझा हात धरला. मला आत नेलं आणि दार लोटून घेतलं. मला वाटलं, आता ही मोकळी होईल. तिने विचारलं, "ताई, लटारीआजाचं काय झालं?"

दर रविवारी घरी गेला की तो तिला सगळं सांगायचा. ती कधी खेळली नव्हती, पण आजाचा प्रत्येक प्रवास तिला पाठ होता. "शाप लागला एवढं सांगतलं त्यायनं," ती म्हणाली. "मंग वाचला का?" मी म्हटलं, निकाल राहिलाय. "मंग द्या ना," ती म्हणाली. "मले आयकाचा आहे."

त्यानंतरच्या रविवारी आम्ही बसलो. पौर्णिमा प्रशिकच्या जागी बसली. अशफाकभाईने जाहीर केलं की आजाची बाजू तो मांडणार. शाहिराच्या मालकानेच आजाची वकिली करावी, यावर प्रशिक किती हसला असता! पण अशफाकभाई मनापासून बोलला. पहिलं पान चार चार वेळा वाचलं. "ताकद आहे तं मंत्र बी आहे, ताई. ऊपरवाला ताकद देते तं काई सोचूनच देत असन ना?" हो म्हणायला मला कोणी अडवत नव्हतं. पौर्णिमा माझ्या तोंडाकडे बघत होती. एका शब्दाचं काम होतं, आणि तो शब्द माझ्या जिभेवर होता. पण तो दिला असता तर मी प्रशिकला मेल्यावरही पेशंट केलं असतं. मी म्हटलं, "नाही. आजाला तो मंत्र येत नाही. आजा वाचत नाही."

अशफाकभाई उठून खिडकीशी गेला. पौर्णिमाने विचारलं, "पण त्याचा तो मोठा पोहरा भरलेलाच आहे ना अजून?"

"आहे."

"त्याच्यात दुसरं काई नाई घेता येत?"

मी म्हटलं, त्याला येणारे लहान मंत्र घेता येतात. लहान मंत्र मोठ्या पोहऱ्यात घेतला की त्याचा जोर वाढतो. "कोनते येतात त्याले?" मी कागद घेऊन वाचायला लागले. उजेड करणं, पाणी शुद्ध करणं, ताप उतरवणं, दुखणं थांबवणं...

"हाच," ती म्हणाली.

"पौर्णिमा, याने तो वाचणार नाही."

"आयकलं मी. त्याले वाचवा असं नाई म्हणून राह्यली."

आम्ही दोघं इतकी वर्षं नियम कुटणारी माणसं. आजा जगेल की मरेल यावर कितीदा पुस्तक चाळलं. त्याला दुखतंय, हे आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

फासे मी तिच्या हातात दिले. तिने ते धरूनच ठेवले, मग हळूच टेबलावर सोडले. अशफाकभाई खिडकीपासून परत आला. मी आकडे बघितले, पुस्तक उघडलं, ते पान दोनदा वाचलं.

"दुखणं थांबलं," मी म्हटलं.

"पूरं?"

"पूरं."

याबद्दल पुस्तकात एकच वाक्य आहे, आणि त्याचा दुसरा अर्थ निघत नाही.