मागच्या खोलीपर्यंत पोचलेला फोन

हॉलमध्ये आवाज खणखणीत, मागच्या खोलीत नुसती खरखर. हातात कॉर्डलेसचा हँडसेट घेऊन मी रूथबाईंच्या घरात पुढून मागे फेऱ्या मारत होते.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. श्रीरामपुरात तेव्हा मोबाईल नव्हते. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून मी शांतीशेठच्या टेलिफोनच्या दुकानात लागले होते. रूथबाई रिटायर्ड नर्स. त्यांचे यजमान डॅनियलसर अर्धांगवायूमुळे मागच्या खोलीत पलंगावर असत. मुलगी मस्कतला, तिचे दिवस भरत आलेले. आणि फोन पुढच्या हॉलमध्ये.

"सरांना कुशीवर वळवत असते, तिकडं घंटी वाजती," रूथबाई म्हणाल्या. "मी पोचेस्तोवर बंद. पोरीला वाटतं, आई घरात न्हाईच."

कॉर्डलेसचे दोन भाग असतात. बेस युनिट टेलिफोनच्या वायरला आणि विजेच्या प्लगला जोडायचं, हँडसेट घरभर न्यायचा. दोघांचं बोलणं रेडिओलहरींवर चालतं. जाड भिंतीत या लहरी अशक्त होतात, लोखंडाशी तर अडतातच. रूथबाईंच्या घराच्या मधल्या भिंती दगडी होत्या.

मी दोन सेट आणले होते. खरखरणारा स्वस्तातला. दुसरा परदेशी, उंच अँटेनाचा, किमतीने दणकट. "मोठाच खपव," असं शेठनी निघताना बजावलं होतं.

मोठा लावला. मागच्या खोलीत आवाज स्वच्छ आला. इतका स्वच्छ, की त्यात एक बाई कुणाला तरी सांगत होती, "पोरगा चांगला हाय, पण नाक लई मोठं हाय त्याचं."

रूथबाईंनी हँडसेट माझ्याकडून घेतला. "अगं, ही तर मागच्या गल्लीतली शकुंतला!" आणि ऐकतच राहिल्या.

"बाई, ठेवा," मी म्हटलं. "तिच्याकडेही कॉर्डलेस दिसतोय. तिचं आपल्याला येतं, म्हणजे आपलंही तिला जाईल."

डॅनियलसर पलंगावर हसू लागले, ठसका लागेपर्यंत. मग अडखळत म्हणाले, "हा नको. हिचं बोलणं तसंही गल्लीभर जातं."

मी दुकानात फोन लावला. "शेठ, मोठ्या सेटवर शेजारणीचं बोलणं येतंय. शिवाय एवढ्या रेंजला परवाना लागतो."

"मग छोटा चालतोय?"

"अजून नाही."

"मग तू काय विकून येणार? भिंती?"

मी हॉलमध्ये जाऊन नीट पाहिलं. बेस युनिट स्टुलावर होतं आणि त्याच्या मागेच लोखंडी कपाट. म्हणजे मागच्या खोलीकडे जाणारी वाट आम्हीच बंद केली होती. कपाट हलण्यातलं नव्हतं. मग टेलिफोनची वायर लांबवून मी मधल्या खोलीत नेली. तिथे रेडिओसाठी प्लग होता. दाराच्या चौकटीवर लाकडी फळी ठोकली, स्वस्त सेटचं बेस तिच्यावर ठेवलं, अँटेना सरळ उभी केली.

पलंगाशी येऊन दुकानाचा नंबर फिरवला आणि हँडसेट सरांच्या कानाला लावला.

"शेठ, डॅनियल बोलतोय," सर सावकाश म्हणाले. "छोटा घेतला. ऐकू येतंय ना?"

पलीकडून शेठचा सुस्कारासुद्धा स्पष्ट ऐकू आला.

हॉलमधला जुना फोन मी तसाच जोडून ठेवला, कारण लाईट गेली की कॉर्डलेस मुका होतो.

पुढच्या आठवड्यात रूथबाई पेढे घेऊन दुकानात आल्या. चेहऱ्यावर आनंदही होता, रागही.

"नात झाली. मी अंगणात धुणं वाळत घालत हुते. सरांनी उशाशी ठेवलेला फोन चांगल्या हातानं उचलला आणि मला हाक न मारता स्वतःच बोलत बसले. जावयाशी, पोरीशी, तिथल्या नर्सशीसुद्धा! मी आत आले तेव्हा म्हणतात, 'अगं, तू आजी झालीस.' घरात सगळ्यात शेवटी मला कळलं!"

शेठनी दोन पेढे खाल्ले आणि मोठा सेट पुन्हा शोकेसमध्ये ठेवला.

तेव्हापासून माझा नियम आहे. आवाज पोचत नसेल तर महागडं यंत्र घेण्याआधी आहे तेच जरा हलवून पाहावं. यात दुकानाचा धंदा कमी होतो, एवढाच एक दोष.