दुखऱ्या गुडघ्यांनी गालापागोस

कुवेतमधल्या आमच्या मंगफमध्ये जून उजाडला की प्रत्येक बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये एकच प्रश्न ऐकू येतो, "इंडियाला कधी?" सोळा वर्षं मी या प्रश्नाला मुकाट्याने तारीख सांगत आले. २००८च्या जूनमध्ये मात्र मी म्हटलं, "यंदा इंडिया नाही. गालापागोस."

"ते कुठे आलं? दुबईच्या पुढे का?" चौथ्या मजल्यावरच्या कुलकर्णीबाईंनी विचारलं.

"बरंच पुढे," मी म्हटलं आणि माझा मजला आला.

नाशिकहून नणंदेचा फोन आला तो थेट मुद्द्यावर. "वहिनी, कासवं बघायला एवढा खर्च? आपल्या गोदावरीतही आहेत की!" तिला काय सांगणार? मी फहाहीलच्या इंडियन स्कूलमध्ये जीवशास्त्र शिकवते. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिमेला, पॅसिफिकमध्ये ज्वालामुखींतून वर आलेली ही बेटं मी आजवर शेकडो पोरांना नकाशावर दाखवली आहेत. तिथले पक्षी फळ्यावर काढले आहेत. त्यातला एक मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा होता: तिथला अल्बट्रॉस. सात-आठ फुटांचे पंख असलेला हा समुद्रपक्षी घरटं करायला जवळजवळ सगळाच्या सगळा एका बेटावर जमतो. त्या बेटाचं नाव एस्पानोला.

आणि बघायचा तर याच वर्षी. माझे दोन्ही गुडघे झिजलेले. हिवाळ्यात डाव्याचं ऑपरेशन करायचं होतं, आणि त्यानंतर ओबडधोबड दगडांवरून चालायचं नाव काढू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पुढच्या वर्षी यांची निवृत्ती, मग कुवेत सोडून नाशिक. म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही, इतकं सरळ गणित होतं.

"हे" म्हणजे माझे यजमान. रिफायनरीत सेफ्टी ऑफिसर. यांचं आयुष्य "नाही" म्हणण्यात गेलं आहे. कुठलंही काम सुरू करण्याआधी लोक यांच्याकडे परवानगीचा कागद घेऊन येतात आणि हे त्यात खोट काढतात. घरीही तेच. मी सणाला स्टुलावर चढून तोरण लावायला लागले तरी खालून आवाज येतो, "वसू, आधी स्टूल कोण धरणार ते ठरव." शुक्रवारी सकाळी सुलैबियाच्या बाजूच्या शेतांवर मी दुर्बीण घेऊन पक्षी शोधत हिंडते, तेव्हा हे गाडीत एसी लावून पेपर वाचतात, पण दर दहा मिनिटांनी काच खाली करून मी आहे ना ते बघतात.

मी तीन महिने तयारी केली. रोज संध्याकाळी आमच्या बिल्डिंगचे आठ मजले दोनदा चढायचे आणि दोनदा उतरायचे. जिन्यात एसी नसतो. जूनमधला कुवेतचा जिना म्हणजे तंदूरच. आमचा इजिप्शियन हारिस, म्हणजे बिल्डिंगचा रखवालदार, मला घामाघूम बघून दर वेळी धावत यायचा आणि लिफ्टचं बटण दाबून दाखवायचा. बिचाऱ्याला वाटायचं, मॅडमना लिफ्ट बिघडली आहे असंच वाटतंय. बूट घेतले ते फहाहीलच्या बाजारात, रत्नागिरीच्या एका चाचांकडून. "हे न्या ताई," ते म्हणाले, "शेवाळावर पण पाय सुटायचा नाय." साडेअकरा दिनारांचे ते बूट चाचांच्या शब्दाला जागले, हे इथेच सांगून टाकते.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात निघालो. कुवेत ते अॅमस्टरडॅम, तिथून एक्वाडोरची राजधानी कीटो. कीटो नऊ हजार फुटांवर आहे, तेव्हा पहिल्या दिवशी जिना चढताना धाप लागली तर घाबरू नका आणि तिथे एक रात्र राहाच. जाणाऱ्यांसाठी आणखी काही: बोटीचे आठ दिवसांचे माणशी साधारण साडेपाचशे दिनार पडले, तेही मधल्या दर्जाच्या, सोळा प्रवाशांच्या बोटीचे. नॅशनल पार्कची फी शंभर डॉलर, ती रोख द्यावी लागते. उलटीच्या गोळ्या कुवेतहूनच न्या.

आणि मेथीदाणे नेऊ नका! बेटांवर परकी झाडं रुजू नयेत म्हणून कीटोच्या विमानतळावर बॅगा उघडून तपासतात. माझ्या बॅगेत पाव किलो मेथी निघाली. गुडघ्यांसाठी मी रोज सकाळी भिजवलेली मेथी खाते, ती सवयीने भरली होती. तपासणारी मुलगी हातमोजे घालून ती पिशवी उचलत म्हणाली, "बिया?" पंचवीस वर्षं बाहेरून आलेल्या जाती बेटांचं कसं वाटोळं करतात ते शिकवणारी बाई मी. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. हे मात्र खुशीत होते. "बघ, तपासणी कशी हवी!"

दुपारी बाल्ट्रा बेटावर उतरलो आणि बोटीवर चढलो. आमचा गाईड मानुएल, चाळिशीचा, याच बेटांवर जन्मलेला, उन्हाने रापलेला. इथे गाईडशिवाय बेटावर पाय ठेवता येत नाही. बोट लांब नांगरतात आणि पांगा नावाच्या छोट्या रबरी होडीतून किनाऱ्यावर जायचं. कधी गुडघाभर पाण्यात उतरायचं, कधी होडी हेलकावत असताना खडकावर पाय टाकायचा. दोन्हींत पाण्यात उतरणं सोपं, खडक अवघड.

चार वाजता नॉर्थ सेमूर बेटापाशी पांगा खडकाला लागला. एकेक जण उतरला. माझी पाळी आली तसा मानुएलने हात आडवा केला.

"सेन्योरा, तुम्ही पांग्यातच थांबा. आपण किनाऱ्याकिनाऱ्याने फेरी मारू. तुमच्या फॉर्मवर लिहिलंय."

"काय लिहिलंय?"

त्याने खिशातली यादी काढली. माझ्या नावापुढे लिहिलं होतं, खडकावर उतरणं नाही, फक्त पांगा. मी यांच्याकडे बघितलं. हे समुद्राकडे बघायला लागले.

झालं होतं असं, की बुकिंगच्या वेळी आलेला आरोग्याचा फॉर्म यांनी भरला होता. आणि कसा भरला होता! डावा गुडघा, उजवा गुडघा, ऑपरेशनचा सल्ला, किती अंश वाकतो, कुठल्या हालचालीला दुखतो. इतर प्रवाशांनी सरसकट "काही नाही" लिहिलं होतं. त्यात ऑस्ट्रेलियाचे एक आजोबाही होते, ज्यांची बायपास झाली होती, आणि ते हरणासारखे उड्या मारत वर गेले.

हेही उतरले नाहीत. माझ्याशेजारी बसून राहिले. खडकांवर निळ्या पायांचे बूबी पक्षी दिसत होते, पाय खरंच रंगाच्या डब्यात बुडवल्यासारखे निळे, पण माझं लक्षच लागेना.

"लपवून कसं चालेल, वसू? आमच्याकडे मेडिकल लपवलं तर माणसाला घरी पाठवतात," हे शेवटी म्हणाले.

"लपवा कोण म्हणालं? पण आठ मजले लिहिलेत का? बारा आठवडे लिहिलेत? गुडघ्याला काय जमत नाही याचं पुराण लिहिलंत. बाईला काय जमतं ते एका ओळीत तरी लिहायचं!"

"त्याला फॉर्ममध्ये जागा नव्हती."

"एस्पानोलालाही मी अशीच बसून राहिले ना, तर मी तुम्हाला जन्मभर माफ करणार नाही." हे मी अगदी शांतपणे म्हटलं. पांगा चालवणाऱ्या खलाशाला मराठी येत नव्हतं, पण तोही क्षणभर वल्ह्याकडे बघायला लागला.

रात्रीच्या जेवणाला मी भात आणि तळलेली कच्ची केळी खाल्ली आणि यांच्याशी एक शब्द बोलले नाही. शाकाहाऱ्यांनी काळजी करू नये, भात, राजमा आणि केळी रोज मिळतात. जेवण झाल्यावर यांनी आचाऱ्याकडून कागद मागून घेतला आणि कोपऱ्यात बसून लिहायला लागले. मला वाटलं, आता समुद्रातले धोके काढतायत. पण तो कागद घेऊन हे मानुएलसमोर जाऊन बसले. मी मागच्याच बाकावर होते, सगळं ऐकत होते.

"मी तीस वर्षं सेफ्टीत आहे," यांनी सुरुवात केली. मानुएलने सभ्यपणे जांभई दाबली. "तुमची बाजू मला कळते. पण मी तुम्हाला अर्धी माहिती दिली. ही चूक माझी आहे." मग यांनी कागद पुढे केला. मी रोज किती पायऱ्या चढते, उतरताना कशी आडवी उतरते, खडकावर उतरताना आधी उजवा पाय का टाकायचा, कोणी कुठे उभं राहायचं, लाट मोठी असेल तर कधी थांबायचं. आकृतीसकट!

हे सगळं यांनी पाहिलं कधी? मी जिने चढत असताना हे घरात टीव्हीपुढे असतात असं मी धरून चालले होते. नंतर कळलं, रोज एक मजला खाली, आवाज न करता हे माझ्या मागे होते. मी पडले तर झेलायला. माझा राग तिथेच अर्धा उतरला. उरलेला मी हट्टाने धरून ठेवला.

मानुएलने कागद दोनदा वाचला. "उद्या बार्तोलोमे," तो म्हणाला. "ज्वालामुखीचा सुळका आहे, साडेतीनशेहून जास्त लाकडी पायऱ्या. सेन्योरा माझा हात न धरता वर गेल्या आणि खाली आल्या, तर मी यादी बदलीन."

बार्तोलोमेवर झाड म्हणावं असं काही नाही. लाल, काळी, करडी राख आणि थिजलेला लाव्हा. कुवेतच्या वाळवंटात सोळा वर्षं काढलेल्या माणसाला ओसाडपणाचं कौतुक नसतं, पण इथे जमीन नुकतीच जन्मल्यासारखी दिसत होती, आणि मी भारावून गेले. पायऱ्या मोजल्या नाहीत. शंभरेक झाल्यावर डावा गुडघा बोलू लागला, मी त्याला बोलू दिलं. चढणं सोपं हो, खरी परीक्षा उतरण्याची. कठड्याला हात लावून, आडवी, एकेक पायरी. बायपासवाले आजोबा खालून टाळ्या वाजवत होते. शेवटच्या पायरीवर मानुएलने खिशातून यादी काढली, माझ्या नावापुढची ओळ खोडली आणि मला पेन देऊन म्हणाला, "तुम्हीही एक रेघ मारा." मी इतकी जोरात मारली की कागद फाटला.

पुढचे दोन दिवस मी कुठेही थांबले नाही. सांताक्रूझच्या ओल्या हिरव्या माळावर बैठ्या टेबलाएवढी कासवं गवत चरत होती. फ्लोरिआनाच्या वाळूत समुद्रसिंहाचं पिल्लू माझे बूट हुंगून गेलं. नियम दोन मीटर दूर राहण्याचा आहे, पण तो फक्त माणसांना लागू दिसतो. मात्र एस्पानोलाला जाताना समुद्राने आमची पार दैना केली. अर्धे प्रवासी उलट्यांनी आडवे झाले होते. आमच्या सेफ्टी ऑफिसरांचा चेहरा तर हिरवा पडला होता, कारण गोळी वेळेवर घ्यायला तेच विसरले होते.

आणि सकाळी एस्पानोला. पांगा वर-खाली होत होता. खडकावर हिरवं शेवाळ, आणि उतरायच्या नेमक्या जागेवर एक समुद्रसिंहीण पसरलेली. मानुएलने टाळ्या वाजवून तिला उठवलं. हे आधी उतरले, कागदावर लिहिलं होतं तिथेच उभे राहिले. "वसू, ही लाट जाऊ दे. हीसुद्धा. आता!"

उजवा पाय. मग डावा. मी एस्पानोलावर उभी होते!

पुढची अडीच तासांची वाट गोट्यांची, धोंड्यांची. बाकीचे पुढे गेले. हे मागून एक शब्दही न बोलता येत होते, आणि तीस वर्षांत यांनी मला केलेली ही सर्वांत मोठी मदत असावी. कड्याजवळच्या झुडपांपाशी मानुएल थांबला आणि त्याने नुसती हनुवटी हलवली.

जोडी होती. पिवळ्या लांब चोची, भुवया असाव्यात तशी डोळ्यांवर पिसं. त्यांनी एकमेकांना वाकून नमस्कार केला, मग चोची तलवारीसारख्या खडाखडा आपटल्या, मग दोघांनी एकदमच आभाळाकडे तोंड करून आवाज काढला. पुन्हा पहिल्यापासून. मी ढसाढसा रडले. मग त्यातला एक कड्याकडे निघाला. आणि काय ते चालणं! डुलत, फेंगडा, प्रत्येक पावलाला थबकत. अगदी मी! सपाटीवरून याला उडताच येत नाही, म्हणून इतका मोठा पक्षी चालत कड्यापर्यंत जातो. टोकाशी थांबला. पंख उघडले, उघडतच राहिले, आणि तो पुढे झुकून वाऱ्यावर निघून गेला.

"बघितलास?" हे हळूच म्हणाले.

"बघितला," मी म्हटलं. राग तेव्हा पूर्ण गेला.

जुलैअखेर परतलो तेव्हा मंगफ धुळीने पिवळं झालं होतं. गुडघे आठवडाभर सुजलेले होते, ते खोटं कशाला सांगू? गालापागोसला जायला पैलवान असावं लागत नाही, पण सराव हवा, आणि स्वतःची खरी माहिती स्वतः द्यायला हवी. पुढच्याच आठवड्यात ऑपरेशनची तारीख घ्यायला डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी एक्स-रे उजेडाला धरला आणि सवयीने यांना विचारलं, "चालतात का या? किती?"

आजवर प्रत्येक दवाखान्यात माझं उत्तर यांनीच दिलं आहे. या वेळी यांनी खुर्ची थोडी मागे सरकवली.

"तिलाच विचारा," हे म्हणाले.

बाहेर दहा-बारा पेशंट ताटकळले होते. तरी मी पदर सावरून बसले आणि अगदी समुद्रापासून सुरुवात केली.