जयाने दिलेलं खोटं उत्तर

भांडुपच्या टेकडीवरच्या वस्तीत जया दहा वर्षं दवाखान्याची आरोग्य स्वयंसेविका म्हणून फिरत होती. तान्हं मूल असलेल्या घरात ती हमखास विचारायची, इथे विडी-सिगरेट कोण ओढतं? मग बापाला समोर बसवून सांगायची, खिडकीशी उभं राहून ओढली तरी धूर खोलीतच फिरतो, कपड्यांना चिकटतो, बाळाच्या छातीत जातो.

स्वतःच्या घरात मात्र ती गप्प होती. तिचा नवरा धोंडिराम वॉचमन होता. सहा वर्षांपूर्वी त्याने दारू सोडली ती विडीच्या आधारावर. विडी काढून घेतली तर माणूस पुन्हा गुत्त्यावर जाईल, ही धास्ती जयाच्या पोटात कायमची बसली होती.

जावई कामासाठी परगावी गेला, म्हणून मुलगी माधुरी सात महिन्यांच्या प्रबुद्धला घेऊन माहेरी राहायला आली. पंधरा दिवसांत बाळाची छाती घरघरू लागली. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात कुणी ओढतं का? माधुरीने आईकडे पाहिलं. जया म्हणाली, "नाही." ती दवाखान्याचीच बाई, तिच्यावर कोण संशय घेणार?

तिसऱ्या दिवशी सकाळी प्रबुद्धच्या बरगड्या आत ओढल्या जाताना दिसल्या. जयाने घड्याळ धरून श्वास मोजले. मिनिटाला अठ्ठावन्न; या वयात पन्नासच्या वर म्हणजे धोका. ती आणि माधुरी बाळाला घेऊन रिक्षाने निघाल्या. हॉस्पिटलमध्ये बाळाला लगेच ऑक्सिजन लावला. तिथेही तोच प्रश्न आला, तेव्हा तिने सांगून टाकलं, आजोबा ओढतात, घरातच, आणि परवा आपण खोटं बोललो. माधुरी आईकडे न बघता बाळाच्या खाटेशी जाऊन बसली. तेच जयाला जास्त लागलं.

संध्याकाळी घरी येऊन ती धोंडिरामसमोर बसली.

"तुमचा धूर त्याच्या छातीत गेला. आणि मी बघत बसले."

"मग इतकी वर्षं लोकांना काय शिकवत होतीस?"

"तुम्ही परत प्याल म्हणून भीत होते."

धोंडिरामने विडीचं बंडल उचललं आणि उतरणीने खाली गेला. तासभर जया दारात उभी होती. तो आला तेव्हा तिने पूर्वीसारखा त्याच्या तोंडाचा वास घेतला. दारूचा नव्हता. तो वस्तीतल्या बुद्धविहाराच्या पायरीवर बसून आला होता. म्हणाला, एकदम सुटणार नाही, पण घरात पेटवणार नाही.

हॉस्पिटलमधून पाचव्या दिवशी प्रबुद्ध घरी आला. आता धोंडिराम नाक्यावर जाऊन ओढतो, येऊन हात-तोंड धुतो, शर्ट बदलतो, मगच नातवाला घेतो. जयाने त्याला व्यसनमुक्तीच्या समुपदेशकाकडेही नेलं. दोन महिन्यांत तो रोजच्या एका बंडलावरून दोन विड्यांवर आला. बाळाची घरघर थांबली आहे. वस्तीत फिरताना जया आता आपल्या खोट्या उत्तराची गोष्टही सांगते. पण नवरा नाक्याकडे निघाला की तो परत येईपर्यंत तिचं कशातच लक्ष लागत नाही.