शुभदाकाकूंची तिरीप

आमच्या नोएडाच्या मराठी मंडळात शुभदाकाकूंबद्दल एक अफवा आहे. त्यांना म्हणे छताजवळ कुणीतरी दिसतं. कुठल्याही हॉलमध्ये शिरल्या की त्या आधी वर बघतात, मान तिरकी, ओठ किंचित उघडे, आणि आपण कशासाठी आलोय हेच विसरतात. कौशल्याआजी तर शपथेवर सांगतात, "अगं, बोलते सुद्धा! 'तू इथेच थांबशील, हो ना?' असं म्हणाली वर बघून. माझ्या अंगावर काटा आला."

म्हणाल्या खऱ्या. पण भुताला नाही, धुराला. काकू गुरुग्रामच्या एका कंपनीत आहेत. गोदामं, मॉलचे चौक, विमानांच्या शेड अशा उंच जागांमध्ये आगीचे अलार्म कुठे बसवायचे, ते त्या ठरवतात. धूर वर जाताना कुठे दमेल याचा विचार करणं हे त्यांचं काम, आणि सुट्टीच्या दिवशीचा छंदही तोच.

"धूर फार स्वप्नाळू असतो गं," त्या सांगतात. आवाज असा, की ऐकणाऱ्याने उशी शोधावी. "निघतो घाईत. पण उन्हाने पत्रा तापला की छताखाली गरम हवेची गादी पसरते. धूर तिथवर पोचायच्या आधीच निवतो, आडवा होतो, तरंगत राहतो. छताला चिकटलेल्या अलार्मच्या डबीला पत्ताच नाही. म्हणून आपण जरा खाली उतरून त्याची वाट बघायची. हो ना?"

मंडळ भाड्याने घेतं त्या हॉलमध्ये अशी डबी त्यांनीच बसवून घेतलीय. पत्र्याच्या भिंतीवर नाही, कारण पत्रा उन्हात फुगतो आणि नेम चुकतो. सिमेंटच्या खांबावर, छताच्या हातभर खाली, पश्चिमेच्या खिडकीकडे पाठ करून. हॉलच्या दुसऱ्या टोकाच्या खांबावर सायकलच्या मागे असतो तसा चकाकणारा चौकोन आहे. डबी त्याच्याकडे न दिसणारा उजेड पाठवते, तो चौकोन उजेड परत धाडतो. परत येणारा उजेड मंदावला, म्हणजे मधे धूर आहे. बाकी सगळे त्याला इन्फ्रारेड बीम म्हणतात. काकूंना तो शब्द खडखडीत वाटतो. त्या म्हणतात, तिरीप.

घोटाळा तिथेच झाला.

यंदा चैत्रातल्या हळदीकुंकवाची आरास समर्थकडे होती. समर्थ कॉलेजात आहे, जन्म नोएडाचा, मराठी बोलतो पण जिना उतरताना पायरी चुकल्यासारखं. काकू दिल्लीतल्या द्वारकेहून मेट्रोच्या ब्लू लाईनने येत होत्या. तिथूनच त्यांनी फोन केला. "समर्थ, आरास हवी तशी कर रे. फक्त वरची ती तिरीप मोकळी ठेव."

"बिल्कुल काकू! टेन्शनच नको!"

समर्थने ऐकलं 'ट्रिप'. ट्रिप म्हणजे लोड वाढला की 'ट्रिप' होते ती विजेची पेटी, यार, आणि पेटी होतीही डोक्याच्या वर. त्याने पेटीखालच्या खुर्च्या हलवल्या, कैऱ्यांची टोपली हलवली, फरशीवर खडूने चौकोन आखला आणि आत लिहिलं, 'ट्रिप. यहाँ खड़े न हों.' मग निश्चिंत मनाने शिडी लावली आणि या खांबापासून त्या खांबापर्यंत पिवळ्या कागदाच्या झिरमिळ्या सोडल्या.

पंखे लागले. झिरमिळ्या डोलल्या. अलार्म किंचाळला.

हॉलचे मॅनेजर भाटियाजी धावत आले. ते बोलतात तेव्हा प्रत्येक वाक्य पायरीवरून घरंगळल्यासारखं येतं. "ओ जी, ये क्या है जी! पड़ोसी मेरी जान खा जाएँगे जी! एक बार और बजी ना, पूरे प्रोग्राम के लिए बंद कर दूँगा. चाबी मेरी जेब में है जी!"

तेवढ्यात काकू पोचल्या. 'बंद' ऐकून त्यांच्या आवाजातली झोप उडाली. "बंद नहीं करने का, भाटियाजी. पीछे सतरंजी पर बच्चे सोते हैं. बाजू में कॉफी की शेगडी. सब बायका गौरी के सामने. ऊपर कौन देखेगा?"

भाटियाजींना 'शेगडी' आणि 'बायका' कळलं नसावं, पण बच्चे कळले. चाबी मात्र खिशातून हातात आली.

काकू समर्थकडे वळल्या. "तिरीप मोकळी ठेव म्हटलं होतं ना रे?"

"ठेवली ना! बघा, एक माणूस उभा नाही!" त्याने अभिमानाने खडूचा चौकोन दाखवला.

काकूंनी तो वाचला. मग ज्या हसत सुटल्या, त्या खालीच बसल्या. "अरे सोन्या, तिरीप! खिडकीतून उन्हाची येते ना, तिरकी, धूळ नाचते तिच्यात?"

"ओ, ती! तिला नाव असतं?"

"मोठं काही एकदम आडवं आलं, तर डबी नुसती 'बिघाड' म्हणते. पण तुझ्या झिरमिळ्या थोडा उजेड खात होत्या, थोडा सोडत होत्या. हुबेहूब धूर. बिचारी फसली." आणि त्यांनी झिरमिळ्यांकडे असं पाहिलं, जणू त्यांना नोकरीच देणार आहेत.

झिरमिळ्या बऱ्याच खाली बांधल्या. भाटियाजींनी विचारलं, "और आरती में धूप जलेगा, तब?"

"तब बजेगी!" मी त्यांच्याच आवाजात म्हणाले. मग माझ्या आवाजात, "काकू, पैज. वाजणारच."

"वाजला तर भाटियाजी बंद करतील, आणि मी ओरडणार नाही," काकू म्हणाल्या. "नाही वाजला, तर तू माझ्याबरोबर परांचीवर चढून डबी आणि चौकोन पुसायचे. धूळही उजेड खाते."

कौशल्याआजींनी धुपाटणं पेटवलं. सुरुवातीला धूर घाईत निघाला. मग तो मंदावला, विरळ झाला, पंख्यांच्या वाऱ्यात सैल होत हॉलभर गेला. मागे सतरंजीवर बाळं झोपली होती. आरतीच्या टाळ्यांमध्ये आम्ही चौघेच वर बघत होतो, मान तिरकी, ओठ किंचित उघडे. भाटियाजीसुद्धा. डबीवरचा हिरवा दिवा मिणमिणत राहिला. एवढ्याशा धुपाने एवढ्या लांब तिरिपेचं काय बिघडणार?

आरती संपली. भाटियाजींनी चाबी खिशात टाकली आणि आंब्याची डाळ मागितली.

काकू माझ्या कानाशी वाकल्या. "रविवारी जुने कपडे घालून ये. हो ना?"